हौद गळतो कुठून?

वाड्याच्या चौकातला हौद रात्रीतून चार बोटं उतरला, की घरातल्यांना दोन शंका यायच्या: वरून येणारं पाणी तुंबलंय, नाहीतर हौदाला चीर गेलीय. मग गवंड्याला निरोप जायचा. आज लोणावळ्याच्या किंवा अलिबागच्या बंगल्यात पोहण्याचा तलाव बांधलेल्या माणसालाही तेच प्रश्न पडतात. गळतंय कुठून? पाणी हिरवं का झालं? किती दिवसांनी साफ करायचं? आणि या कामाला बोलवायचं कुणाला? पुणे शहरानं अडीचशे वर्षांपूर्वी हे सगळे प्रश्न सोडवले होते, आणि त्यांची उत्तरं कागदावर कमी, कारागिरांच्या हातात जास्त होती.

अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी शहरात आणलं गेलं. त्यासाठी सात-आठ किलोमीटर लांबीचा दगडी नळ जमिनीखालून काढला. पंप नाही, रहाट नाही; सगळी भिस्त उतारावर. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास उभारले. तिथे नळात कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला वाट मिळायची, नळावरचा दाब सैल व्हायचा आणि पाण्याबरोबर आलेला गाळ खाली बसायचा. मुख्य नळ इतका ऐसपैस, की गाळ काढायला माणूस आत उतरू शकेल. म्हणजे बांधतानाच पुढच्या दुरुस्तीचा विचार केलेला होता.

या नळाचं पाणी शनिवारवाड्यात पोचलं. हजारी कारंज्याच्या तोट्या त्यावर उडत. पण कारंजं ही वाड्याची हौस झाली. पेठांचं रोजचं जगणं हौदांवर चालायचं. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, फडके हौद ही नावं आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत. बाहुलीचा हौद त्यांच्यापेक्षा धाकटा, एकोणिसाव्या शतकातला. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी तो अकाली गेलेल्या आपल्या लेकीच्या आठवणीसाठी बांधला. मोठ्या वाड्यांनी मुख्य नळापासून खापरी नळ घेऊन आपापल्या चौकात हौद केले.

काही हौदांना ते बांधून घेणाऱ्यांची नावं मिळाली. बांधणाऱ्यांची नावं बहुतेक हरवली. उरली ती त्यांच्या कामाची नावं. खणण्याचं आणि दगडाचं काम वडारांचं. त्यांच्यातही मातीवडार माती उपसणारे, गाडीवडार दगड वाहणारे, पाथरवट दगड घडवणारे. बेलदारही दगड-चुन्यातलेच. गवंडी ओळंबा सोडून भिंत सरळ आणायचा आणि शेवटचा हात फिरवायचा. सुतार, लोहार, कुंभार गावच्या बलुत्यातले. त्यांना वर्षाकाठी धान्य मिळे. वडाराला बहुधा असा बांधलेला वाटा नसे. काम संपलं की बिऱ्हाड गाढवांवर लादून तो पुढच्या गावाला जायचा. पाणी अडवून देणारा हा समाज स्वतः मात्र भटकतच राहिला. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत वडारांचं नाव आजही आहे.

हौदाचा जीव चुन्यात. चुनखडी भट्टीत भाजायची आणि मग ती पाण्यात विझवायची. विझताना ती खदखदते, वाफा सोडते. विझलेला चुना आणि वाळू घाणीत पडायची. घाणी म्हणजे जमिनीत केलेला गोल दगडी चर. बैल फिरेल तसं जड दगडी चाक त्यातून फिरायचं. पाण्याच्या कामासाठी भाजक्या विटांचा कूट मिसळायचा, कारण त्यानं चुना ओल्यातही घट्ट धरतो. गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर ही त्यातली पुढची भर; तिचं प्रमाण ज्याचं त्याला ठाऊक. गवंडी थापीवर गोळा घेऊन थापी उलटी करायचा. गोळा सुटला नाही, तर चुना तयार. शेवटी निरूचा, म्हणजे बारीक चुन्याचा, पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटायचा आणि ओली गोणपाटं टाकून तो हळूहळू सुकू द्यायचा. घाई केली की बारीक चिरा हमखास पडायच्या.

तरीही हौद गळायचा. गळतीचा जुना अपराधी पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, ओल मिळते आणि केसाएवढं मूळ दोन-तीन वर्षांत दगड सरकवतं. रोप वरून तोडलं तर ते दुप्पट जोमानं फुटतं. म्हणून जाणता गवंडी आधी सांधा उकरतो, मूळ शेवटापर्यंत ओढून काढतो आणि मगच चुना भरतो.

पाणी हिरवं होतं ते शेवाळानं, आणि शेवाळ वाढतं ते ऊन आणि साचलेपणा यांमुळे. वाहत्या हौदात ते कमी धरतं. त्यामुळे हौद उपसून तळ घासणं हे ठरलेलं काम होतं. साचलेल्या पाण्याचा दुसरा धोका शास्त्रानं उशिरा दाखवला. मुंबईतल्या हिवतापाची कारणं शोधताना डॉ. बेंटली यांनी १९११च्या अहवालात घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखवलं. रोग पसरवणारे डास तिथे वाढत होते. त्यानंतर मुंबईतल्या अनेक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. साचल्या पाण्यात गप्पी मासे सोडण्याचा उपाय आजही गावोगाव चालतो.

हौदाचा सगळ्यांत अवघड प्रश्न मात्र चुन्याचा नव्हता. पुण्यात पाणी होतं, पण अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना त्याला हात लावता येत नव्हता. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. घरचा हौद म्हणजे घरचा निर्णय. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नव्हती, आणि जातीचा रोष पत्करायची जोतीरावांची तयारी होती. पुण्याच्या पाण्याच्या इतिहासात कात्रजच्या नळाइतकंच मोठं काम त्या एका हौदानं केलं.

खडकवासल्याचं धरण झालं, घरोघरी नळ आले आणि हौद मागे पडले. काही बुजले, काहींवर दुकानं उभी राहिली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा पुणेकर घागरी-बादल्या घेऊन जुन्या हौदांकडे आणि विहिरींकडे वळले. दोनशे वर्षांपूर्वीचा चुना त्या दिवसांत शहराच्या उपयोगी पडला.

चुन्याची जागा सिमेंटनं घेतली. पोरबंदरला १९१४ मध्ये त्याचं व्यापारी उत्पादन सुरू झालं आणि घाणीचा बैल हळूहळू दिसेनासा झाला. सिमेंट लवकर धरतं, पण ताठ असतं. जुन्या चुन्यावर सिमेंटचं ठिगळ लावलं की जोडाच्या रेषेतच पुन्हा चीर पडते. वारशाच्या वास्तूंसाठी आज पुन्हा चुन्याचे गवंडी शोधावे लागतात.

बंगल्यातल्या तलावावर आता क्लोरीन आणि वाळूचा फिल्टर आला आहे. तिखट वास आला की मालक म्हणतात, औषध जास्त पडलं. खरं तर तो वास घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाल्यावर येतो, आणि त्यावर बहुधा क्लोरीन वाढवावंच लागतं. हे मालकाला समजावून सांगतो तो जवळच्या गावातला कामगार. नाक्यावर उभं राहून काम मिळवत तो इथवर आलेला असतो.

गळतीची शंका आली तर तो तलावाच्या पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवतो. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी पेन्सिलीनं बादलीवरच आखतो, पंप बंद करतो आणि घरी जातो. ऊन दोन्ही पाण्यांना सारखंच लागतं, म्हणजे वाफ होऊन दोन्ही सारखीच घटायला हवीत. सकाळी बादलीतलं पाणी जेमतेम उतरलेलं आणि तलावाचं दोन बोटं खाली गेलेलं दिसलं, की तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरतो आणि पायरीचा सांधा, दिव्याची कड, नळाचं तोंड हातानं चाचपत चीर शोधू लागतो.