एमेट (संगणक साधन)

एमेट हे एचटीएमएल व सीएसएस या भाषांतील मजकूर संक्षेपांवरून आपोआप पूर्ण करणारे साधन आहे. संपादकात संक्षेप टंकून टॅब कळ दाबली की त्याचा विस्तार होतो. वादिम माकेएव यांनी २००८ मध्ये ‘झेन कोडिंग’ या नावाने त्याचा आरंभ केला. पुढील विकास सर्गेई चिकुयोनोक यांनी केला. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये ते अंगभूत असते. सब्लाइम टेक्स्टमध्ये ते वेगळे जोडावे लागते.

== संक्षेपांची रचना ==

संक्षेप रोमन लिपीतच टंकावे लागतात. त्यामुळे मराठी कळफलक चालू असल्यास विस्तार होत नाही. ‘>’ म्हणजे आतील घटक, ‘+’ म्हणजे शेजारचा घटक आणि ‘*’ म्हणजे पुनरावृत्ती. देवणी गोवंशाच्या वानेरा, बालंक्या व शेवरा या तीन प्रकारांची यादी करायची असल्यास ‘यूएल>एलआय*३’ (येथे देवनागरीत दाखविलेला) हा संक्षेप पुरतो. त्यातून तीन रिकाम्या नोंदी आरंभीच्या व अखेरच्या टॅगांसह तयार होतात; लेखकाने फक्त नावे भरायची. अखेरचा टॅग विसरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक यामुळे टळते. अर्थात टॅगांची घडण हाताने लिहून समजल्यानंतरच संक्षेपांकडे वळणे श्रेयस्कर.

== मराठी पानांची भाषा ==

केवळ ‘!’ टंकून टॅब दाबल्यास संपूर्ण पानाचा सांगाडा उभा राहतो. मात्र त्यात पानाची भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, अशी नोंदलेली असते. पडद्यावर मजकूर मराठीच दिसत असल्याने ही चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दृष्टिहीन वाचकांचे पडदावाचक मात्र कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचे हे याच नोंदीवरून ठरवितात. नोंद चुकीची असल्यास मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होऊ शकतो. म्हणूनच वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत पानाची भाषा नोंदविणे ही प्राथमिक, ‘ए’ पातळीवरील अट आहे. अक्षरवळणाचाही प्रश्न आहे. ल आणि श यांची मराठी व हिंदी वळणे भिन्न असून, दोन्ही वळणे असलेल्या फॉन्टमध्ये मराठी वळण या नोंदीवरून निवडले जाते.

व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या सेटिंगमध्ये एमेटच्या ‘व्हेरिएबल्स’ या पर्यायात ‘लँग’चे मूल्य ‘एमआर’ केल्यास पुढील प्रत्येक सांगाडा मराठी भाषेच्या नोंदीसह तयार होतो. आधी तयार झालेल्या पानांतील नोंद मात्र हातानेच दुरुस्त करावी लागते.