इरॉस चित्रपटगृह

इरॉस : मुंबईत चर्चगेट स्थानकासमोर असलेले आर्ट डेको शैलीतील चित्रपटगृह. वास्तू खंबाटा बिल्डिंग या नावानेही ओळखली जाते. मालक शियावक्स खंबाटा, वास्तुकार शोराबजी भेदवार. पायाभरणी १९३५ मध्ये झाली आणि १९३८ मध्ये चित्रपटगृह सुरू झाले.

ही जमीन समुद्रात भर घालून मिळवलेली. बॅकबे योजनेत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आधी रस्ते आखले गेले, मग भूखंड पाडले, आणि इमारतींची उंची व दर्शनी रेषा सारखी राहावी असे नियम घातले गेले. जुन्या मुंबईत अशी शिस्त क्वचितच दिसते. भेदवार यांना मिळालेला भूखंड दोन रस्त्यांच्या बेचक्यातला, म्हणजे अडचणीचाच. त्यांनी त्या कोपऱ्यालाच दर्शनी भाग केले. दोन्ही रस्त्यांच्या कडेने दोन बाजू मागे जातात आणि त्या जुळतात तिथे गोल मनोरा टप्प्याटप्प्याने निमुळता होत देवळाच्या शिखरासारखा वर चढतो. स्थानकातून बाहेर पडणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच जाते. काही भागाला आग्र्याचा लाल दगड, बाकी भिंती फिकट पिवळ्या. नक्षीकाम जवळजवळ नाही. आडव्या पट्ट्यांनीच इमारतीला वेग दिला आहे.

आत काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे दालन, त्यावर सोनेरी छटा, जिन्यांना क्रोमियमचे कठडे आणि बाराशेच्या आसपास आसने होती. त्याच इमारतीत दुकाने आणि कचेऱ्याही होत्या. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला होता. कोरोनेशनमध्ये चित्रपटाबरोबर करमणुकीचे इतर कार्यक्रमही होत. पंचवीस वर्षांत चित्रपटासाठी असा प्रासाद उभा राहावा, ही त्या धंद्याने घेतलेली मोठीच झेप होती. चार्ल्स स्टीव्हन्स यांचे रीगल (१९३३) आणि इरॉसच्याच वर्षी उघडलेले मेट्रो ही त्याच लाटेतली.

ओव्हलच्या पूर्वेला व्हिक्टोरियन गॉथिक, पश्चिमेला आर्ट डेको अशी समोरासमोरची ही वास्तुरांग २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. इरॉस तिचाच भाग आहे. एकपडदा चित्रपटगृह मात्र त्याआधीच बंद पडले होते. २०२४ मध्ये ते आयमॅक्स पडद्यासह पुन्हा उघडले. बाहेरचे रूप जपले गेले, पण मूळ प्रेक्षागृह गेले. नव्यात सुमारे ३०० आसने आहेत. ज्यांनी जुन्या बाल्कनीतून चित्रपट पाहिला, त्यांना ही हानी लहान वाटणार नाही.