सकाळी सात-चाळीसची मुदत

हा कामगार कुणी एक माणूस नाही. भिवंडीच्या यंत्रमागांवरून दवाखान्यात येणाऱ्यांच्या हकिगती जुळवून तो उभा केला आहे. घड्याळ मात्र खरं. वय पंचेचाळीस-पन्नास, गाव पूर्वांचलातलं, रक्तदाब कधी मोजलेला नाही, गालात तंबाखू. पाळी रात्री आठ ते सकाळी आठ.

रात्री ३.१०
चहा. कारखान्याच्या दाराशी उभं राहून तो शेजारच्या मागवाल्याशी पगाराबद्दल बोलतो, हसतो. पुढचा सगळा हिशेब या मिनिटापासून सुरू होतो, कारण ‘शेवटचं नीट कधी पाहिलं’ हीच पक्षाघाताची वेळ धरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर सहसा साडेचार तासांच्या आत. १९९५ च्या अमेरिकी चाचणीने तीन तासांची मुदत घालून दिली, २००८ च्या युरोपीय चाचणीने ती साडेचारवर नेली. म्हणजे सकाळी ७.४०.

३.२५
मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी धमनी तुंबते. उजव्या हातातली कांडी खाली पडते. वाचाही जाते, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही. मागांच्या खडखडाटात माणसं बोलतच नाहीत. बोटांनी, भुवयांनी, ओठांच्या हालचालींनी काम भागवतात. पक्षाघाताचं सगळ्यात ठळक लक्षण अशा जागी दिसणार कसं? धमनी अशी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर या न्यूरॉलॉजिस्टने २००६ मध्ये मांडला.

३.४५
तो खाली बसलाय. चक्कर असेल, उकाडा असेल. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी पाणी पाजतं. गिळता येतंय का हे तपासल्याशिवाय अशा रुग्णाला घोटभरही पाणी द्यायचं नसतं. पाणी फुप्फुसात उतरतं. पाजणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

४.३०
दोघं त्याला खोलीवर नेऊन निजवतात. ‘सकाळी बघू.’ दीड तास इथे गेला. रस्त्याला, वाहतुकीला मागाहून शिव्या बसतात; सगळ्यात जास्त वेळ या चटईवर खर्च झाला.

६.०५
मेहुणा रात्रपाळी अर्धी सोडून येतो. तोंड वाकडं, उजवा हात लोंबतोय. रिक्षा.

६.२०
छोटा दवाखाना. सीटी स्कॅन नाही. पण ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंना तपासता येतं, आणि या गोष्टीतली चांगली दहा मिनिटं हीच. आधी बोटाला टोचून साखर पाहतात, कारण साखर उतरली तरी असंच चित्र दिसतं. ती ठीक आहे. मग खाटेशी उभं राहून एनआयएचएसएस. १९८९ मध्ये थॉमस ब्रॉट आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताची ही मोजपट्टी मांडली. पंधरा बाबी, शून्य ते बेचाळीस गुण. आकडा जितका मोठा, तितकं नुकसान जास्त. नियम कडक: रुग्णाने जे केलं ते लिहायचं, ‘त्याला जमलं असतं’ ते नाही.

महिना कोणता, वय किती? उत्तर नाही: दोन. खरं तर हा प्रश्न इथे नेहमीच अवघड. ‘जवळपास’ उत्तराला मोजपट्टीत सूट नाही, आणि धडधाकट माणसालाही इथे आपलं वय अंदाजाने माहीत असतं. डोळे मिटा, मूठ वळा: एकच जमलं, एक. नजर डावीकडे ओढलेली, एक. उजवीकडून आणलेली बोटं दिसत नाहीत, दोन. दात दाखवा, म्हणून त्या स्वतःचे दात दाखवतात. उजवा ओठ हलत नाही, कपाळाला मात्र आठ्या पडतात: दोन.

मग हात. निजलेल्या माणसाचा हात पंचेचाळीस अंशांवर उचलून सोडायचा आणि दहापर्यंत मोठ्याने मोजायचं. डावा हात दहालाही तिथेच. उजवा ‘एक’ म्हणायच्या आत गादीवर पडतो. तीन. पाय तीस अंशांवर, पाचपर्यंत. उजवा तिसऱ्या आकड्याला टेकतो, दोन. टाचणी उजवीकडे बोथट लागते, एक.

भाषेसाठी मूळ संचात अमेरिकी स्वयंपाकघराचं चित्र आहे: बरणीतून बिस्किटं चोरणारी मुलं, ओसंडून वाहणारं सिंक. उच्चारासाठी शब्द आहेत, त्यात ‘हकलबेरी’. ते भिवंडीत कुणाला म्हणायला लावणार? बाई खिशातलं पेन, घड्याळ, किल्ली दाखवतात. तोंडातून एकच अस्पष्ट आवाज, प्रत्येक वस्तूला तोच. भाषेचे दोन, उच्चाराचा एक.

बेरीज सतरा.

“कब से है?”

“छे बजे से,” मेहुणा सांगतो.

“छे बजे मिला. ठीक कब था?”

मेहुणा कारखान्यात फोन लावतो. तीनच्या चहाला बोलत होता, तिकडून कळतं. चिठ्ठीवर सहा लिहिलं गेलं असतं, तर तीन तास उशिराने ताजा रुग्ण समजून औषध दिलं गेलं असतं, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका त्यानेच वाढतो.

६.४०
चिठ्ठीवर सहसा ‘लकव्याची केस, पुढे पाठवतो’ एवढंच असतं. बाई ठाण्याच्या रुग्णालयाला फोनवर सांगतात: उजवी बाजू, भाषा गेलेली, स्कोअर सतरा, शेवटचं नीट ३.१०, रक्तदाब १९६ वर ११२. एवढं ऐकून पलीकडचा माणूस स्कॅनचं टेबल मोकळं ठेवू शकतो. १०८ ची रुग्णवाहिका येते.

६.५५ ते ७.२८
अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी. गोदामांकडे निघालेले ट्रक, मेट्रोचे खांब. पस्तीसेक मिनिटं, म्हणजे त्या रस्त्याच्या मानाने तशी कमीच.

७.३६
स्कॅन. रक्तस्राव नाही.

७.४०
इंजेक्शन देण्याआधी रक्तदाब १८५ वर ११० च्या खाली हवा. तो अजून १९२. उतरवायचं औषध चालू आहे. मुदत संपली.

८.२०
रक्तदाब १७८. आता त्याचा इंजेक्शनसाठी उपयोग नाही.

उरला एक मार्ग: जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढणं. २०१५ च्या चाचण्यांनी ते सिद्ध केलं, २०१८ नंतर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत. सतरा गुण असतील तर मोठी धमनी तुंबल्याची शक्यता बरीच. म्हणून हा आकडा आता खाटा शोधायच्या कामी येतो. पण कॅथलॅब आणि ते करणारा माणूस दुसऱ्या रुग्णालयात, खर्च लाखांत, आणि मेहुण्याच्या फोनमध्ये तेवढे पैसे देऊ शकणारं नाव नाही.

११.३०
पुन्हा तीच तपासणी, दुसरे डॉक्टर. नजर आता पूर्ण डावीकडे. हाक मारल्यावरच डोळे उघडतात. पायही गादीवरून उचलत नाही. बेरीज वीस.

दुपारी १.१५
दुसऱ्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूचा मोठा भाग काळवंडलेला. आता दुसरं घड्याळ लागलं: अठ्ठेचाळीस तासांचं. मेंदू सुजेल, कवटीत जागा पुरणार नाही, मग कवटीचा तुकडा काढून ठेवायची शस्त्रक्रिया. तिचा फायदा साठीच्या आतल्यांत जास्त दिसला आहे, म्हणून न्यूरोसर्जन मेहुण्याला नेमकं वय विचारतात. तो आधार कार्ड पुढे करतो. त्यावर जन्मतारीख १ जानेवारी.

“ये असली है?”

“साहब, स्कूल में लिखा दिया था.”

डॉक्टर कागदावर ‘अंदाजे ५०’ लिहितात आणि सहीसाठी जागा दाखवतात.