निवासी देखभालीचा दर्जा : बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता (इंग्लंड)

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली मुले आणि तरुण घर सोडून संस्थेत राहू लागतात, तेव्हा त्यांचे तिथले जगणे कसे आहे हे जोखण्याच्या कसोट्या आणि त्या लावणारी यंत्रणा या दोहोंचा विचार या विषयात होतो. इंग्लंडमध्ये त्यावर साठ वर्षांहून अधिक काळ संशोधन, चौकश्या आणि कायदेकानू झाले आहेत. म्हणून ही नोंद मुख्यतः त्या देशाची आहे.

आधी एका संज्ञेविषयी. इंग्लंडमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे बौद्धिक अक्षमता, जुन्या मराठीत ज्याला मतिमंदत्व म्हणत ती. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ वेगळी. तीत डिस्लेक्सियासारख्या लिहिण्या-वाचण्याच्या अडचणी येतात. दोन्हींचे मराठी सरसकट ‘अध्ययन अक्षमता’ असे केले की भलतीच मुले डोळ्यांसमोर उभी राहतात. या नोंदीतल्या बऱ्याच मुलांना बोलता येत नाही, आणि आपल्याला काय झाले हे सांगता न येणे हाच या विषयातला सगळ्यात अवघड भाग आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी मुले मोठ्या इस्पितळांत ठेवली जात. मानसशास्त्रज्ञ जॅक टिझर्ड यांनी १९५८ मध्ये लंडनच्या फाउंटन हॉस्पिटलमधून १६ मुले बाहेर काढली आणि सरे परगण्यातील ब्रुकलँड्स नावाच्या एका प्रशस्त घरात ठेवली. छोटे छोटे गट, प्रत्येक गटाची ठरलेली सांभाळणारी बाई, बालवाडीसारखा खेळ, बागेत हुंदडणे, एवढाच काय तो उपचार. तशीच १६ मुले तुलनेसाठी इस्पितळात राहिली. दोन वर्षांनी मोजले तेव्हा ब्रुकलँड्सच्या मुलांचे भाषिक मानसिक वय सरासरी १४ महिन्यांनी वाढले होते, तर इस्पितळातल्यांचे ६ महिन्यांनी. मुलांचे दुखणे तेच होते. राहण्याची जागा तेवढी बदलली होती.

पण जागेत नेमके काय बदलले? याचे उत्तर रॉय किंग, नॉर्मा रेन्स आणि टिझर्ड यांच्या १९७१ च्या ‘पॅटर्न्स ऑफ रेसिडेन्शियल केअर’ या ग्रंथात आहे, आणि या विषयातला तो आजही सर्वांत उपयोगी ग्रंथ म्हणावा लागेल. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांच्या बंदिस्त संस्थांवरील विवेचनाचा आधार घेऊन त्यांनी एक मापपट्टी तयार केली. तिचे पैलू चार : नित्यक्रमाचा ताठरपणा, सर्वांना घाऊक वागवणे, मुलाचे वेगळेपण पुसून टाकणे, आणि कर्मचारी व मुले यांच्यातले अंतर. शब्द जड आहेत, पण प्रश्न अगदी घरगुती होते. सुटीच्या दिवशीही मुले त्याच ठोक्याला उठतात का? आंघोळीआधी रांगेत ताटकळतात का? स्वतःचे कपडे, स्वतःची खेळणी आहेत का, आणि ती कुठे ठेवतात? वाढदिवस कसा होतो? सांभाळणारी माणसे मुलांबरोबर जेवायला बसतात, की बाजूला उभी राहून लक्ष ठेवतात?

निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. इस्पितळांचे वॉर्ड आणि लहान वसतिगृहे यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक निघाला, पण तो गटाच्या आकाराने, कर्मचाऱ्यांच्या संख्येने किंवा मुलांच्या अक्षमतेच्या तीव्रतेने उलगडत नव्हता. उलगडत होता तो घरच्या प्रमुख बाईच्या हाती किती निर्णय आहेत आणि तिचे शिक्षण कोणते झाले आहे यावरून. वसतिगृहाची प्रमुख बाजारहाट, स्वयंपाक, सहल स्वतः ठरवी. वॉर्डच्या सिस्टरला जेवण मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या वेळेनुसार घ्यावे लागे आणि हाताखालची माणसे वरचेवर दुसरीकडे हलवली जात. बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या प्रमुख मुलांशी अधिक बोलत. परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या प्रमुखांचा वेळ कामकाजात जाई. सुदैवाने ही गोष्ट बदलता येण्यासारखी आहे. दुर्दैवाने ती तपासणीच्या रकान्यात सहज बसत नाही.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत ही मापपट्टी जशीच्या तशी लावता येत नाही. पुष्कळशा स्वमग्न मुलांना दिवसाचा ठरलेला क्रम हवाच असतो. बुधवारचे पोहणे न सांगता रद्द झाले तर तो दिवस कोसळतो. ट्यूबलाइटची बारीक गुणगुण, फिनेलचा वास, एकाच वेळी चार माणसांचे बोलणे यांनी मूल हैराण होते, आणि वहीत त्याची नोंद ‘आक्रमक वर्तन’ अशी होते. तेव्हा नित्यक्रम आहे की नाही, यापेक्षा तो मुलाच्या गरजेतून आला की कर्मचाऱ्यांची पाळी बदलण्याच्या सोयीतून, हे पाहावे लागते. चित्रपट्ट्यांवर दिवसाचा क्रम लावून दाखवणे हा सर्वत्र रूढ झालेला उपाय. मात्र ती पट्टी कार्यालयाच्या भिंतीवर, मोठ्यांच्या नजरेच्या उंचीला लावलेली असेल, तर ती तपासनिसासाठी आहे असे समजायला हरकत नाही. वर्तन आवरण्यासाठी गोळ्या देण्याचा मार्ग त्याहून सोपा वाटतो. पब्लिक हेल्थ इंग्लंडने २०१५ मध्ये वर्तवलेल्या अंदाजानुसार बौद्धिक अक्षमता असलेले ३० ते ३५ हजार प्रौढ, योग्य ते निदान नसताना, रोज मनोविकारावरील औषधे घेत होते.

मोठी इस्पितळे हळूहळू बंद झाली. त्यांच्या जागी बालगृहे, निवासी विशेष शाळा, प्रौढांची देखभालगृहे आणि खासगी लहान इस्पितळे आली. बालगृहे व निवासी शाळा ऑफस्टेड ही संस्था तपासते, तर प्रौढांची घरे आणि इस्पितळे २००९ पासून केअर क्वालिटी कमिशनकडे आहेत. दोन्हीकडे ‘उत्कृष्ट’, ‘चांगले’ अशा चार श्रेणी वापरल्या गेल्या.

श्रेणी व तपासणीवरचा विश्वास दोन प्रकरणांनी हादरला. पहिले प्रकरण ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या २४ खाटांच्या खासगी इस्पितळाचे. एका परिचारकाने व्यवस्थापनाला आणि नियामकालाही कळवले, पण हालचाल झाली नाही. अखेर बीबीसीच्या पॅनोरामा कार्यक्रमाने छुपा कॅमेरा आत नेला आणि ३१ मे २०११ रोजी रुग्णांना होणारी मारहाण देशाने पाहिली. ११ कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, सहा जण तुरुंगात गेले. एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड सरकारी तिजोरीतून जात होते. मार्गारेट फ्लिन यांच्या या प्रकरणावरील २०१२ च्या अहवालातली सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे, स्थानिक परिषदेकडे याआधीच सुरक्षेविषयीच्या ४० सूचना आल्या होत्या. प्रत्येक सूचना सुटी हाताळली गेली. चाळीसही एकत्र मांडून कुणी पाहिल्या नाहीत.

दुसरे प्रकरण मुलांचे, आणि अधिक अस्वस्थ करणारे. डॉनकास्टर येथे हेस्ली समूहाच्या फुलर्टन हाउस, विल्सिक हॉल आणि व्हीटली हाउस या तीन निवासी जागांत जानेवारी २०१८ ते मार्च २०२१ या काळात १०८ मुले व तरुण राहिले. त्यांतले बहुतेक स्वमग्न होते. त्यांना पाठवणाऱ्या स्थानिक परिषदा ५५ आणि घरापासूनचे सरासरी अंतर ९५ मैल, म्हणजे सुमारे १५० किलोमीटर. एका मुलामागे वार्षिक खर्च अडीच लाख पौंडांच्या घरात. तिथे मुलांना मारले गेले, जखमांवर व्हिनेगर ओतले गेले, थंडीत बाहेर काढून दार बंद केले गेले. हे चालू असताना ऑफस्टेडच्या दफ्तरी या जागा ‘चांगल्या’ होत्या.

या प्रकरणावर बालसंरक्षणाच्या राष्ट्रीय पॅनेलचा अहवाल दोन टप्प्यांत, ऑक्टोबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये आला. त्याचे काम डेम ख्रिस्टीन लेनेहान यांनी पाहिले. निवासी शाळा आणि इस्पितळांतल्या मुलांविषयी २०१७ मध्येच त्यांनी दोन अहवाल दिले होते. अंतराचा मुद्दा पॅनेलने ठळकपणे मांडला. दीडशे किलोमीटरवरच्या आईबापांना सहज चक्कर टाकता येत नाही. ते कळवून येतात, आणि कळवून येणाऱ्यासाठी मूल न्हाऊमाखू घालून बसवलेले असते. पाठवणाऱ्या परिषदेचा समाजसेवकही लांबचाच. ५५ परिषदांपैकी प्रत्येकीला आपापल्या मोजक्या मुलांपुरतेच ठाऊक. घराचे एकंदर चित्र कुणाच्याच टेबलावर नव्हते. मुलांना स्वतंत्र कैवारी मिळावा, घराजवळच सोय उभी राहावी आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा दर्जा वाढावा, या शिफारशी दुसऱ्या टप्प्यात आल्या.

तरुणांपुढे आणखी एक खोच आहे. शिक्षण, आरोग्य व देखभालीची कायदेशीर योजना २०१४ च्या कायद्याने वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत चालू शकते, पण देखभालीची जबाबदारी १८ व्या वाढदिवशी प्रौढसेवेकडे जाते. बहुधा त्याच सुमारास घर, खोली आणि सांभाळणारी माणसेही बदलतात. न बोलणाऱ्या मुलाला कोणता हावभाव म्हणजे पोट दुखते आणि कोणता म्हणजे बाहेर जायचे आहे, हे जुन्या घरातल्या दोघाचौघांनाच माहीत असते. नव्या घरी जाणाऱ्या फाइलीत ते लिहिलेले असेलच असे नाही.