परमुलखीच्या बंदरात सोडलेला खलाशी



मूलसारख्या वनप्रदेशातील गावी ज्याची सारी हयात गेली, त्याने समुद्रावरील कायद्यांविषयी बोलावे, हे आपणांपैकी कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या झाडीपट्टीत मोठे पाणी म्हणजे मामा तलावाचे. जहाज आम्ही पाहिले ते बहुधा पुस्तकातील चित्रात. परंतु धानाची मळणी आटोपली की येथील कितीतरी कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात, आणि निघण्याच्या वेळी घरातील म्हातारी माणसे मुकादमास एक प्रश्न हमखास विचारतात : "नेतोस खरा, पण परत कोण आणून सोडणार?" आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे. तो समुद्रावर दोनशेहून अधिक वर्षे विचारला जात आहे, आणि विचारणारांत आपल्या रत्नागिरीचे व गोव्याचे खलाशी फार मोठ्या संख्येने होते.

जहाजावरील चाकरी ही इतर चाकरीहून एका बाबतीत निराळी आहे. गिरणीतून काढलेला मजूर सायंकाळी आपल्या घरी जाऊ शकतो. परक्या बंदरात सोडून दिलेल्या खलाशास घर नाही, भाषा नाही, ओळखीचे माणूस नाही. आणि घर व तो यांच्यामध्ये समुद्र पसरलेला असतो. म्हणून 'कामावरून मोकळा केला' या साध्या शब्दांचा अर्थ त्याच्या बाबतीत 'वाऱ्यावर सोडला' असा होतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत हिंदी खलाशांस इंग्रज लोक 'लास्कर' म्हणत. फारसीतील 'लष्कर' शब्दाचेच हे रूप होय. कंपनीच्या जहाजांवरील गोरे खलाशी हिंदुस्थानात येईपर्यंत रोगाने मरत, पळून जात, किंवा आरमारात ओढले जात. त्यांची जागा भरण्यास येथील माणसे घेत. परंतु १६६० च्या इंग्रजी नौकानयन कायद्याप्रमाणे जहाजावरील तीनचतुर्थांश खलाशी इंग्रज असावे लागत. युद्धकाळी ही अट शिथिल होई. एरवी लंडनहून परत निघणाऱ्या जहाजावर लास्करास खलाशी म्हणून जागा मिळणे कठीण असे. तात्पर्य, जाताना तो कामगार आणि येताना केवळ ओझे! परतीचे जहाज मिळेपर्यंत, कधी कधी महिनेच्या महिने, तो लंडनच्या थंडीत पडून राही. १७८६ साली लंडनमध्ये निराश्रित काळ्या लोकांच्या साहाय्यार्थ जी समिती स्थापन झाली, तिच्या कार्याचा आरंभ रस्त्यावर कुडकुडणाऱ्या लास्करांना पाहूनच झाला होता.

हा प्रकार वाढला तेव्हा पार्लमेंटास त्यात लक्ष घालणे भाग पडले. १८१४ साली कायदा होऊन, लास्करांना परत पाठवीपर्यंत त्यांच्या अन्नवस्त्राची व निवाऱ्याची तजवीज कंपनीने करावी, असे ठरले. पुढे पार्लमेंटच्या समितीने शॅडवेल येथील त्यांच्या बराकींची पाहणी केली, तेव्हा दाटीवाटीने कोंबलेल्या त्या माणसांस धड अंथरूणदेखील नसल्याचे आढळून आले. कायदा कागदावर झाला म्हणजे निजणाऱ्याच्या अंगाखाली आपोआप येत नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

यानंतरचा १८२३ चा कायदा तर नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढील शंभर वर्षांच्या इतिहासाचे बीज त्यात आहे. या कायद्याने एका हाताने दिले व दुसऱ्या हाताने काढून घेतले. दिले ते असे की, विलायतेत निराधार स्थितीत सापडलेल्या लास्करास कंपनीने पोसावे, मायदेशी पाठवावे व तो खर्च जहाजाच्या मालकाकडून वसूल करावा. काढून घेतले ते असे की, कंपनीच्या वा राजाच्या मुलखात जन्मलेला असला तरी लास्कर हा 'ब्रिटिश खलाशी' गणला जाणार नाही. म्हणजे राजाची प्रजा म्हणून कर द्यावयास तो पात्र, परंतु राजाच्या जहाजावरील बरोबरीची जागा मागण्यास अपात्र. त्याला घरी पाठविण्याची ही काळजी कोणासाठी होती? काही अंशी त्याच्यासाठी, यात शंका नाही. पण तो विलायतेत राहू नये, तेथील मजुरी मागू नये, ही चिंताही तिच्यात मिसळलेली होती.

याच्याशी अमेरिकेचा १८०३ चा कायदा ताडून पाहावा. अमेरिकन जहाजाच्या कप्तानाने आपल्या देशाच्या खलाशास परक्या बंदरात कामावरून काढले, तर त्याच्या चढलेल्या पगाराखेरीज आणखी तीन महिन्यांचा पगार तेथील अमेरिकन कॉन्सलकडे भरावा लागे. त्यातील दोन भाग खलाशास मायदेशी निघताना मिळत. उरलेला एक भाग निराधार खलाशांच्या निधीत जाई. येथे पैसा आधी ठेवून घेतला जाई, सोडून देण्याची किंमत त्याच ठिकाणी मोजली जाई. दयेवर भिस्त ठेवण्यापेक्षा हा व्यवहार पुष्कळ बरा.

इंग्लंडात सरकारी कायद्याची उणीव धर्मादायाने काही अंशी भरून निघाली. १८५७ साली, म्हणजे इकडे बंडाचा वणवा पेटला त्याच वर्षी, लंडनच्या लाइमहाऊस भागात परदेशी खलाशांसाठी 'स्ट्रेंजर्स होम' नावाचे आश्रयगृह उघडले. त्यास पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांनीही देणगी दिली होती. ज्याचे स्वतःचे राज्य परदेशी गेले, त्याने परदेशी पडलेल्या खलाशास छप्पर द्यावे, ही इतिहासाची विचित्र संगती होय. हे गृह १९३७ पर्यंत चालले.

दरम्यान आगबोटींचे युग आले, १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, आणि मुंबई बंदरास अपूर्व महत्त्व चढले. मोठ्या आगबोटींच्या डेकवर रत्नागिरीकडील कोकणी मुसलमान, भोजनगृहात व स्वयंपाकात गोव्याचे ख्रिस्ती, अशी कामांची वाटणी रूढ झाली. सारंग व तांडेल हे आपल्याच गावचे गडी गोळा करून आणीत. मुंबईत गोवेकरांनी गावोगावच्या 'कूडी' काढल्या. फेरीवरून आलेला माणूस पुढची बोट मिळेपर्यंत तेथे स्वस्तात राही. सरकारने १८५९ च्या कायद्याने हिंदुस्थानातील बंदरांत खलाशांच्या भरतीचे व मुक्ततेचे व्यवहार सरकारी कचेरीत नोंदविण्याची पद्धत घातली.

मात्र विलायतेच्या १८९४ च्या व्यापारी नौकानयन कायद्यात जुनी दुतोंडी नीती पुन्हा दिसते. विलायतेपर्यंत नेलेल्या लास्कराने तेथे पोचल्यावर हिंदुस्थानकडे निघालेल्या दुसऱ्या जहाजावर काम करण्याचा पुढील करार करावा, असे बंधन त्याच्यावर आधीच घालण्याची मुभा मालकास होती. याचा लाभ असा की, परतीची खात्री झाली. तोटा असा की, गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाने राबणाऱ्या या माणसास विलायतेच्या बंदरात मोकळे होऊन तेथील दराने नोकरी धरता येईना. त्याचे परतीचे तिकीट हीच त्याची बेडी झाली. १९२५ साली तर रंगीत खलाशांविषयी असा हुकूम निघाला की, ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागद दाखविता न आलेल्या हिंदी खलाशांचीही पोलिसांत परके म्हणून नोंद होऊ लागली.

१९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा सुमारे ५० हजार हिंदी खलाशी ब्रिटिश जहाजांवर होते. त्या वर्षी अनेक बंदरांत त्यांनी पगारवाढीसाठी जहाज हाकण्यास नकार दिला. करारभंगाच्या कलमाखाली कित्येक तुरुंगात गेले. परंतु पगार वाढले. त्या युद्धात सुमारे ६,६०० हिंदी खलाशी मृत्यू पावले. परत आणण्याचा कोणताही कायदा त्यांना परत आणू शकला नाही.

'परतणे हा खलाशाचा स्वतःचा हक्क आहे' हे तत्त्व आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९२६ च्या कराराने मांडले. खलाशास त्याच्या देशी, किंवा जेथे त्याची भरती झाली त्या बंदरी, किंवा जेथून सफर निघाली तेथे पोचवावे. आणि अपघात, आजार वा स्वतःचा दोष नसताना झालेली मुक्तता असेल, तर खर्च त्याच्या माथी मारू नये, असा त्याचा आशय. २००६ च्या सागरी श्रम करारात हे नियम एकत्र करण्यात आले. भारताने तो २०१५ साली मान्य केला. २०१७ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीप्रमाणे जहाजमालकाने विम्यासारखी आर्थिक हमी आधीच ठेवावी लागते. मालकाने अन्नपाणी वा परतीचा खर्च नाकारला, किंवा निदान दोन महिने पगार थकवून संबंध तोडला, तर खलाशी 'टाकून दिलेला' समजला जातो. मग त्या हमीतून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार व घरापर्यंतचा प्रवास मिळावयाचा. आपल्या संसदेने १९५८ साली व्यापारी नौकानयनाचा कायदा केला आणि त्याची जागा घेण्यासाठी २०२५ साली नवा कायदा संमत केला.

एवढे सारे होऊनही, २०२४ या एका वर्षात जगभर ३०० हून अधिक जहाजांवरील ३ हजारांहून अधिक खलाशी टाकून दिले गेल्याची नोंद आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने केली. त्यांत सर्वांत मोठी संख्या भारतीयांची होती. जहाज एका देशाच्या निशाणाचे, मालक दुसऱ्या देशाचा, बंदर तिसऱ्याचे. मग खलाशाने दार कोणाचे ठोठावावे?

या इतिहासातून मला एवढेच उमगले आहे. परत पाठविण्याचा कायदा चांगला की वाईट, हे नुसत्या त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. पाहावयाचे ते असे की, खर्चाचा पैसा माणूस निघण्यापूर्वी बाजूला काढून ठेवलेला आहे काय, आणि परतावे की राहावे हे ठरविण्याची मोकळीक त्याला आहे काय. पहिली गोष्ट नसेल तर कायदा पोकळ. दुसरी नसेल तर तो पिंजरा. आपल्या देशाने १९७९ साली परप्रांती जाणाऱ्या मजुरांसाठी कायदा केला, त्यात जाण्यायेण्याच्या प्रवासाचा भत्ता ठेकेदारावर टाकला होता. तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. जो माणसास दूर नेतो, त्याने परतीचा पैसा आधी मोजावा, ही गोष्ट समुद्रावर जितकी खरी, तितकीच मिरचीच्या शेतातही खरी आहे.