लग्नाचा फोटो आणि आजीचं गोंदण



लग्नसराई सरली की सुरगाण्यात आणि आसपासच्या पाड्यांवर घरोघरी अल्बम येतात. मागची झाडं धूसर, उजेड सोनेरी, नवरीचा चेहरा लोण्यासारखा मऊ. बघायला छान वाटतं. पण नीट पाहिलं तर नवरी दोन छटा गोरी झालेली असते आणि शेजारी बसलेल्या आजीच्या कपाळावरचं गोंदण पुसट झालेलं असतं. हे कुठून आलं, ते आज पाहू.

फोटोची कला १८३९ साली जगापुढे आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तेव्हाच्या काचेच्या प्लेटला निळा रंग चटकन कळे. पिवळा आणि लाल जवळजवळ कळतच नसे. म्हणजे आपली हळद आणि आपलं कुंकू, दोन्ही फोटोत काळपट उतरत. सावळा चेहरा होता त्याहून काळा दिसे. दोष प्लेटचा होता, चेहऱ्याचा नव्हता. सगळे रंग ओळखणाऱ्या प्लेटा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या.

तोवर स्टुडिओवाल्यांनी पेन्सिल हाती घेतली होती. निगेटिव्हवर जिथे शिसं चढे, तिथे छापलेला फोटो उजळ होई. सुरकुत्या, वण, देवीचे व्रण असे झाकले जात. पुढे कृष्णधवल फोटोत ब्रशने गाल गुलाबी करायचे, साडीचे काठ रंगवायचे.

मऊपणाची वाट मात्र वेगळी. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई १८१५ साली कलकत्त्यात जन्मली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्लंडमध्ये, तिला कॅमेरा मिळाला. ती फोटो मुद्दाम थोडा धूसर ठेवी. लोकांनी त्याला चूक म्हटलं. पुढे तीच पद्धत नावाजली गेली. नंतरचे फोटोग्राफर भिंगापुढे पातळ जाळी धरत, नाहीतर काचेला व्हॅसलिन लावत. त्याने उजेड पसरे, पण माणूस तोच राही.

म्हणजे कामं दोन: उजेड मऊ करणं आणि चेहरा बदलणं. आज कॉम्प्युटरवर दोन्ही एकाच झटक्यात होतात, म्हणून फरक आपल्या ध्यानात येत नाही.

गोंदणाबद्दल जुन्या बायका सांगतात, दागिने इथेच राहतात, गोंदण सोबत येतं. मरणानंतरही सोबत येणारी खूण अल्बममधून का जावी? पन्नास वर्षांनी नात तो अल्बम उघडेल, तेव्हा तिला आजीचा खरा रंग आणि खऱ्या खुणा कुठे सापडणार?

म्हणून फोटोग्राफर ठरवतानाच सांगा: "दादा, उजेड हवा तेवढा मऊ करा. रंग आणि गोंदण आहे तसं राहू द्या." आणि एडिटिंग न केलेले मूळ फोटोही पेन ड्राइव्हवर मागून घ्या.