लांबच्याने मोठ्याने बोलावं

बोईसरहून विरारला जाणाऱ्या शटलमधला गलका आठवतोय? खिडकीशी कुणी गुजराती व्यापारी, दाराशी सातपाटीच्या मावशींची मांगेली, मधे एमआयडीसीतल्या कामगारांची भोजपुरी आणि आमचं मराठी. सगळे एकदम बोलायचे, तरी ज्याला त्याला आपल्या माणसाचं नेमकं कळायचं. बाकीच्यांचं बोलणं म्हणजे नुसता गलबला!

२००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सच्या ‘मान्सून हंगामा’त ५०१ रुपये भरून बाबांनी मोबाईल आणला. तो सीडीएमएचा होता. पुढे वाचनात आलं, की या तंत्राची युक्ती आमच्या डब्यासारखीच आहे.

बिनतारी संदेशांना जन्मापासूनच एकमेकांच्या लुडबुडीची व्याधी. मार्कोनीने १९०० साली ट्यूनिंगच्या ७७७७ क्रमांकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. ज्याची त्याची वेगळी लहर, हा त्याचा मंत्र. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर अमेरिकेने कायदा करून हौशी मंडळींना २०० मीटरपेक्षा आखूड लहरींवर धाडलं. पुढे जीएसएममध्ये २०० किलोहर्ट्झच्या एका पट्टीत आठ जणांच्या पाळ्या लावल्या. क्वालकॉमने मात्र १९८९ मध्ये सॅन डिएगोत वेगळंच करून दाखवलं. पट्टी एकच, पाळ्या नाहीत, सगळ्यांनी एकदम बोला. फक्त प्रत्येकाची सांकेतिक भाषा वेगळी.

पण टॉवरखाली उभा असलेला जोरात बोलू लागला, तर लांबच्याची कुजबुज बुडणारच. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा सांगायचा, ‘जरा हळू’ किंवा ‘जरा जोरात’. जवळच्याने आवाज उतरवायचा, लांबच्याने चढवायचा, म्हणजे टॉवरपाशी सगळे सारखेच पोचतात. या शिस्तीशिवाय हे तंत्र चाललंच नसतं.

आमची आजी मुरब्याला राहायची. फोनवर ती बेंबीच्या देठापासून ओरडायची. ‘‘अगं आजी, हळू बोल, ऐकू येतंय,’’ असं म्हणून आम्ही हसायचो. लांबच्याशी बोलायचं तर ओरडायलाच हवं, हा तिचा हिशोब. आता वाटतं, तिचं काय चुकलं? तिच्या हातातला फोनही तेच करत होता.

सीडीएमएचे ते फोन केव्हाच बंद झाले. ४जी, ५जीची रीत निराळी, तरी टॉवरजवळच्या फोनने आवाज उतरवायचा हा नियम टिकून आहे. आपल्या गावसभेत मात्र अजून टॉवरखालचेच सर्वांत मोठ्याने बोलतात, आणि किनाऱ्यावरच्या, पाड्यावरच्या माणसाचं बोलणं गलबल्यात जातं.

असो. आजीला हसायला नको होतं.